लांबच्या पॉपवर राउटिंग बदलताना रस्ता बंद होऊ नये म्हणून काय करता?

सांगेकर

नमस्कार मंडळी. दक्षिण गोव्यातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत राउटर आणि स्विच सांभाळतो. कोअर मडगावात, तिथून केपे, कुडचडे, सांगे, काणकोण असे पंधरा-वीस पॉप, म्हणजे त्या त्या गावातली आमची छोटी केंद्रं. बहुतेक पॉपवर माणूस नसतो, कोणाच्या तरी दुकानामागची खोली, त्यात रॅक, ओएलटी (घरोघरी जाणाऱ्या फायबरचं मुख्य यंत्र), एक राउटर, दोन स्विच आणि इन्व्हर्टर. पुढच्या महिन्यात काणकोणच्या बाजूचं सगळं स्टॅटिक राउटिंग (हाताने लिहिलेले रस्ते) काढून आयएस-आयएस (राउटर एकमेकांना सांगून रस्ते ठरवतात ती पद्धत) आणायचंय आणि त्याच रात्री मॅनेजमेंटचं व्हीलॅन (डब्यांत लॉगिन करायचं, त्याच तारेवरचं आभासी नेटवर्क) पण वेगळं करायचं ठरलंय.

साहेब म्हणतात मडगावातूनच रात्री दोनला बसून करून टाक, गाडी-माणूस कशाला. मला ते पटत नाही, कारण आपण ज्या रस्त्याने राउटरपर्यंत पोचतो तोच रस्ता बदलतोय. एक ओळ पुढेमागे झाली की राउटर तिकडे चालू आणि आपण इकडे बाहेर, मग भर पावसात करमल घाट ओलांडून लॅपटॉप आणि कन्सोल केबल (राउटरला थेट जोडायची) घेऊन जायचं आणि तोवर तिकडच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट बंद.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असा बदल लांबून करताना तुम्ही काय काळजी घेता? आणि आमच्यासारख्या लहान कंपनीने मॅनेजमेंटसाठी वेगळा रस्ता, म्हणजे आउट ऑफ बँड, यावर पैसे घालावेत का?

पर्वरी_नॉक

तुझं बरोबर आहे आणि साहेबांचं अर्धं बरोबर आहे. लांबूनच करतात सगळे. पण मागे फिरायचं काम राउटरने स्वतःहून केलं पाहिजे, तुझं लॉगिन शिल्लक असो वा नसो. म्हणजे आधी टायमर लावायचा, मग बदल, मग तपासणी, आणि सगळं ठीक असेल तरच टायमर रद्द.

जुनिपर कंपनीचा राउटर असेल तर सोपं, 'कमिट कन्फर्म्ड' दिलं की १० मिनिटांत तू पुन्हा कमिट केलं नाहीस तर तो आपोआप जुन्या कॉन्फिगवर जातो. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर लोक 'रीलोड इन १०' लावतात, चालतं, पण त्यात अख्खा राउटर रीबूट होतो आणि मोठा डबा असेल तर वर यायलाच बराच वेळ घेतो. त्यापेक्षा आर्काइव्ह (जुन्या कॉन्फिगच्या प्रती ठेवणं) चालू करून 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०' वापर, शेवटी 'कॉन्फिगर कन्फर्म'. रीबूट होत नाही, फक्त कॉन्फिग मागे जातं. रीलोडवाली पद्धत वापरणार असशील तर एकच लक्षात ठेव, तपासणी होईपर्यंत 'राईट' करायचं नाही. मध्येच सेव्ह केलं तर रीबूट होऊन राउटर त्याच चुकलेल्या कॉन्फिगवर उभा राहतो.

डबे कुठले आहेत तुझ्याकडे?

सांगेकर

कोअरला सिस्कोचं आयओएस एक्सआर, पॉपवर काही आयओएस आणि चारेक ठिकाणी मायक्रोटिक.

पर्वरी_नॉक

मग जपून. एक्सआरमध्ये पण 'कमिट कन्फर्म्ड' आहे पण नुसता आकडा दिलास तर तो सेकंदांचा, जुनिपरवर मिनिटांचा. ६० टाकून तास मिळाला असं समजलास तर मिनिटभरात सगळं मागे जाईल आणि तू शोधत बसशील की लिंक का हलतेय. 'मिनिट्स' हा शब्द लिहून आकडा दे.

बाबूस_बार्देस

आमचं सगळं नेटवर्क मायक्रोटिकवर आहे आणि कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोडमध्ये गेल्याशिवाय पोरांना हात लावू देत नाही. सेशन तुटलं की केलेले बदल आपोआप परत. एवढं साधं असताना आउट ऑफ बँड वगैरे मोठ्यांचे खर्च कशाला, खरं सांगायचं तर लहान ऑपरेटरला ते परवडत नाही. एकेका पॉपमागे काय सुटतं ते आमचं आम्हाला माहीत.

पर्वरी_नॉक

बाबूस, सेफ मोड चांगलाच आहे, पण त्याच्या दोन मर्यादा पोरांना सांगून ठेव. सेशन तुटल्याचं राउटरला लगेच कळत नाही, टीसीपीचा टाइमआउट साधारण ९ मिनिटांचा, तेवढा वेळ गिऱ्हाईक बंदच. आणि हिस्टरीत शेवटच्या १०० क्रिया मावतात. मोठी स्क्रिप्ट पेस्ट केलीस आणि त्याच्या वर गेलास तर तो मुकाट्याने सेफ मोडमधून बाहेर पडतो, मग मागे काहीच जात नाही. लहान लहान तुकडे करून पेस्ट करायचं, प्रत्येक तुकडा तपासला की सेफ मोडमधून बाहेर, परत आत.

बाबूस_बार्देस

१०० चं माहीत नव्हतं. उद्याच सांगतो पोरांना.

म्हादई

वाळपईची आहे, सध्या पुण्यात एका मोठ्या प्रोव्हायडरच्या बॅकबोन टीममध्ये. टायमरबद्दल पूर्ण अनुमोदन, पण मला त्यात एक धोका दिसतो तो सांगते. टायमर तुम्हाला फक्त त्या दहा मिनिटांत दिसणाऱ्या बिघाडापासून वाचवतो. लॉगिन चालू राहिलं, पिंग गेला, तुम्ही कन्फर्म केलं, आणि सकाळी लोक उठल्यावर खरा त्रास सुरू होतो, असं पुष्कळदा होतं.

एमटीयूचंच घ्या, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटचा आकार. आयएस-आयएसचे हॅलो पॅकेट सुरुवातीला पूर्ण एमटीयूएवढे भरून पाठवले जातात, त्यामुळे दोन टोकांचा एमटीयू जुळत नसेल तर शेजार (दोन राउटरांची एकमेकांशी ओळख) जुळतच नाही आणि तुम्हाला तिथेच कळतं. ही सोय आहे. पण कोणीतरी इंटरनेटवर वाचून 'नो हॅलो पॅडिंग' टाकतो, शेजार लगेच वर येतो, सगळे खूश, आणि नंतर मोठी पॅकेट मध्येच मरतात. लहान पिंग जातो, वेबसाइट अर्धवट उघडते, बँकेचं पान अडकतं. एमपीएलएस (पॅकेटला लेबल लावून पाठवणं) असेल तर एकेका लेबलचे ४ बाइट वाढतात, क्यूइनक्यू (व्हीलॅनच्या आत व्हीलॅन) असेल तर आणखी ४, आणि वाटेत कुठेतरी जुना मीडिया कन्व्हर्टर १५०० च्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून तपासणी करताना 'डीएफ' बिट (पॅकेट तोडू नका अशी खूण) लावून पूर्ण आकाराचा पिंग करा.

सांगेकर, टायमर लावायच्या आधी कागदावर लिहून ठेव की कन्फर्म करण्यापूर्वी नेमकं काय काय बघणार. रात्री दोनला डोकं चालत नाही, कागद चालतो.

फर्मागुडीचा_पोर

मी आत्ताच इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलोय, सगळे धागे वाचतो. एक शंका, आजच्या काळात हे हाताने टाइप करणंच चुकीचं नाही का? अँसिबल (कॉन्फिग आपोआप टाकणारं टूल) किंवा नेटकॉन्फने (राउटरला कॉन्फिग द्यायची प्रमाण पद्धत) टेम्प्लेट तयार केलं तर ओळ पुढेमागे होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि कॉन्फिग गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) असेल तर मागे जाणं पण सोपं.

पर्वरी_नॉक

गिटचं एकदम बरोबर. सांगेकरने आज संध्याकाळीच ऑक्सिडाइज्ड बसवावं, रोज रात्री सगळ्या डब्यांचं कॉन्फिग ओढून ठेवतं आणि काल-आजचा फरक दाखवतं. फुकट आहे, एका जुन्या पीसीवर चालतं. पूर्वी हेच काम आम्ही रँसिडने करायचो.

पण टेम्प्लेटने चूक होत नाही हे मान्य नाही. हाताने केलेली चूक एका राउटरवर होते, टेम्प्लेटमधली चूक सगळ्यांवर एकाच वेळी होते.

अनमोड_घाट

+१. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' च्या ओळीत 'ॲड' राहून गेलेलं टेम्प्लेट एका कंपनीत बघितलंय. नवीन व्हीलॅन एकटं उरलं, बाकी सगळी ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवरून) उडाली, आणि एकाच रनमध्ये डझनभर स्विचवर. मॅनेजमेंटचं व्हीलॅन पण त्यातच गेलं त्यामुळे परत लॉगिन करून सुधारायची सोय नाही.

फर्मागुडीचा_पोर

मग तुम्ही ऑटोमेशनच्या विरोधात?

म्हादई

अजिबात नाही रे. आमच्याकडे हाताने टाइप करायला बंदीच आहे. पण क्रम असतो. आधी लॅबमध्ये, मग ज्याच्यामागे सर्वात कमी गिऱ्हाईक आहेत त्या एका डब्यावर, मग एक रात्र थांबायचं, मग पाच, मग बाकीचे. आणि टूलला पण कन्फर्मवाला कमिटच करायला लावायचं. नेटकॉन्फमध्ये ती सोय प्रमाणातच आहे, आरएफसी ६२४१ वाच, कन्फर्म्ड कमिटचा भाग. तिथे नुसता आकडा सेकंदांचा आणि काही दिला नाही तर ६००, म्हणजे तीच १० मिनिटं.

तू शिकतोयस म्हणून आणखी एक सांगते. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्सचं नेटवर्क बसलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक, तातडीच्या ९११ फोनपासून कार्डाच्या पेमेंटपर्यंत सगळ्यावर परिणाम. कोअर अपग्रेडचं काम टप्प्याटप्प्याने चाललेलं, सातपैकी सहावा टप्पा. डिस्ट्रिब्युशन राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, त्याने अडवून ठेवलेले रूट सगळे कोअरमध्ये घुसले आणि कोअर राउटर त्या ओझ्याने कोसळले. आता बघ, त्या कामाची जोखीम आधी 'जास्त' अशी नोंदलेली होती, पण आधीचे टप्पे नीट पार पडले म्हणून त्यांच्या पद्धतीने ती आपोआप 'कमी' झाली. पाच वेळा नीट झालं म्हणून सहावी वेळ सोपी होत नाही, त्या टप्प्यात काय बदलतंय ते बघावं लागतं.

आणि सांगेकर, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच घटनेत आहे. त्यांचं मॅनेजमेंट नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून होतं. कोअर गेला तशी इंजिनिअर लोकांची राउटरपर्यंतची वाट गेली, आणि त्यांचे स्वतःचे मोबाईल पण त्याच कंपनीचे, त्यामुळे एकमेकांशी बोलणं पण बंद. दुसऱ्या कंपन्यांची सिम वाटावी लागली. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवल्यासारखं झालं ते.

वेर्णेकर

फेसबुकचं पण तेच ना, २०२१ चं?

म्हादई

४ ऑक्टोबर २०२१. ते अजून शिकण्यासारखं आहे, कारण त्यांच्याकडे आउट ऑफ बँड होतं तरी ते त्या वेळी चाललं नाही. बॅकबोनची क्षमता बघण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळा बॅकबोन तुटला, असल्या कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच बग होता, मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) स्वतःचे बीजीपी रूट (बाकी इंटरनेटला सांगितलेले रस्ते) मागे घेतले. शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, साधारण सहा तास गेले. म्हणजे वेगळा रस्ता नुसता बांधून पुरत नाही, तो मुख्य नेटवर्क बंद असताना चालतो का हे तपासत राहावं लागतं.

बाबूस_बार्देस

बाय, तुमच्या त्या मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकून भीती वाटते खरी, पण आमचा काणकोणचा पॉप आणि फेसबुक यात फरक आहे की नाही?

पर्वरी_नॉक

फरक पैशांत आहे, कारणात नाही. लहान पॉपला लागतं काय? सिरीयल पोर्ट असलेला किंवा यूएसबीतून कन्सोल केबल जोडता येणारा एक फोरजी राउटर, दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि त्याच्यातून राउटरच्या कन्सोल पोर्टला ९६०० बॉडवर जोडलेली केबल. एका पावसाळी रात्रीच्या फेरीचं पेट्रोल, ड्रायव्हर आणि बंद पडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन धरले तर महाग नाही रे.

काही गोष्टी मात्र पाळायला हव्यात. मोबाईल सिमला सहसा पब्लिक आयपी मिळत नाही, सीजीनॅटच्या (अनेकांना मिळून एकच पब्लिक आयपी) मागे असतं, त्यामुळे तू बाहेरून त्याला लॉगिन करायला जाशील तर होणार नाही. त्या डब्यानेच आतून व्हीपीएन लावून तुझ्याकडे यायला हवं. आणि ते व्हीपीएन तुझ्या मडगावच्या कोअरवर उतरवू नकोस, कोअर गेला तर ते पण जाईल. बाहेरचा एखादा छोटा क्लाउड सर्व्हर घे.

अनमोड_घाट

त्यात भर, ज्या कंपनीचं सिम घेताय तिचा तिथला टॉवर तुमच्याच फायबरवरून चालतो का ते विचारून घ्या. लहान गावात टॉवरचा बॅकहॉल (त्याला जोडणारी लिंक) कुठून येतो ते बाहेरून कळत नाही. फायबर तुटलं, टॉवर पण मेला, तुमचं सिम पण मेलं.

जुनाखांब

मी निवृत्त आहे, तारांच्या काळापासून या कामात होतो, म्हणून थोडं अवांतर पण उपयोगाचं लिहितो. राउटरपेक्षा जमिनीखालचं आधी बघा. रिंग आहे म्हणून लोक निवांत असतात, पण नकाशावर दोन रेषा आणि प्रत्यक्षात दोन्ही केबल एकाच चरात, एकाच पुलावरच्या एकाच नळीत. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणात जेसीबीचा एक घास आणि रिंगची दोन्ही टोकं एकदम गेलेली मी बघितली आहेत. चोर्ला आणि अनमोड हे दोन घाट आहेत, बेळगावच्या बाजूने येणाऱ्या दोन लिंक खरोखर दोन घाटांतून येतात का हे ज्याच्याकडून घेता त्याच्याकडून लेखी घ्या. पावसात दरड कोसळली की तेव्हा विचारून उपयोग नाही.

दुसरं वीज. आपल्याकडे वैशाखात आणि मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला गडगडाट जास्त. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं पण केबलला लोखंडी कवच असलं तर त्या कवचातून येते, आणि खांबावरून उतरणारी तांब्याची इथरनेट केबल तर थेट पोर्टला भाजते. कवच अर्थ केलंय का, गच्चीवरून खाली येताना तांबं न वापरता फायबर वापरता येईल का, हे बघा. बॅटऱ्यांचं तर बोलायलाच नको. बंद खोलीत ३५ अंशांत ठेवलेल्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या मानाने जवळजवळ निम्मं होतं. भिंतीला पंखा लावा, पण जाळी लावून, नाहीतर तांबडी धूळ सगळी स्विचच्या पोटात जाते.

फर्मागुडीचा_पोर

जुनाखांब सर, हे कॉलेजात कोणी सांगत नाही. अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

जुनाखांब

काढतो, चवथ झाल्यावर.

वेर्णेकर

चवथीवरून आठवलं, सांगेकर तू पुढच्या महिन्यात म्हणतोयस म्हणजे चवथीच्या तोंडावर? आमच्याकडे चवथीच्या आधीच्या आठवड्यापासून विसर्जनापर्यंत कशालाही हात लावायचा नाही असा नियम आहे. अर्धी टीम सुट्टीवर, आणि ट्रॅफिक पण पूर्ण उलटं होतं. पणजी, वास्को, मडगाव रिकामी होतात आणि सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोणचे पॉप भरून वाहतात, सगळी मंडळी मूळ घरी जमलेली, पोरं व्हिडिओ बघतायत, आरती परदेशातल्या भावाला लाइव्ह दाखवतायत. वर्षभर निवांत असलेली लिंक त्या पाच दिवसांत पूर्ण भरते.

बाबूस_बार्देस

पॅकेटं पण गावी जातात आरतीला! आमच्या बाजूला मात्र नाताळ ते नवीन वर्ष, कळंगुट-बागा पट्टा. तेव्हा कोण 'जरा एक व्हीलॅन टाक' म्हणाला तर मी फोनच उचलत नाही.

सांगेकर

चवथीचा मुद्दा एकदम बरोबर. तारीख पुढे ढकलायला मला हे चांगलं कारण मिळालं.

दिवाडी_फेरी

आउट ऑफ बँडवर सगळे लिहितायत पण लॉगिनचं कोणी बोललं नाही. समजा कन्सोलपर्यंत पोचलात. राउटर टॅकॅक्सला (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरला) विचारायला जातो, टॅकॅक्स सर्व्हर मडगावात, रस्ता बंद. मग लोकल युजरवर उतरायला पाहिजे, ते कॉन्फिगमध्ये लिहिलेलं असतं का? आणि लिहिलेलं असलं तरी तो लोकल पासवर्ड आज कोणाला माहीत असतो का? बहुतेक ठिकाणी तो ज्याने लावला तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. कमांड ऑथरायझेशन चालू असेल तर आणखी त्रास, लॉगिन होतं पण प्रत्येक कमांड टाइमआउट होईपर्यंत अडकते. हे एकदा टॅकॅक्सची केबल काढून प्रत्यक्ष करून बघा, मगच पॉपवर भरवसा ठेवा.

पर्वरी_नॉक

सोन्यासारखा मुद्दा. पासवर्ड सीलबंद पाकिटात, कपाटात, आणि माणूस सोडून गेला की बदलायचा.

दिवाडी_फेरी

आणि तो फोरजीचा डबा म्हणजे मागचं दार आहे हे विसरू नका. त्यावर फक्त व्हीपीएनमधूनच लॉगिन, राउटरच्या व्हीटीवायवर (लांबून लॉगिनच्या दारावर) ॲक्सेस लिस्ट, एसएनएमपीची (डब्यांवर नजर ठेवायच्या पद्धतीची) 'पब्लिक' कम्युनिटी, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड, बंद. लॉग पण सोडू नका, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, घटना ६ तासांत कळवायची आहे आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली पाहिजेत. कायदा बाजूला ठेवला तरी बिघाड शोधताना दोन राउटरांच्या लॉगमधली वेळ वेगळी असेल तर आधी काय झालं तेच कळत नाही.

आगोंद_पागी

मी नेटवर्कवाला नाही, गिऱ्हाईक आहे, काणकोणातच राहतो, होमस्टे चालवतो. एवढंच सांगतो, रात्री दोनला काम करणार असाल तर आधी एसएमएस करा. नेट गेलं याचा राग नाही येत, कधी येणार ते कोणी सांगत नाही याचा येतो. पाहुणा विचारतो तेव्हा आम्ही काय सांगायचं?

सांगेकर

पागीबाब, शंभर टक्के. आधी दोन दिवस आणि त्या संध्याकाळी परत, असे मेसेज पाठवायला सांगतो.

सगळं वाचून आता असं ठरवलंय. चवथीनंतर करायचं. त्याआधी काणकोणला फोरजीचा डबा आणि कन्सोल, ऑक्सिडाइज्ड चालू, टॅकॅक्स बंद करून लॉगिनची तपासणी. साहेब एका पॉपपुरतं तयार झालेत, बाकीचे पुढच्या वर्षात. आता मूळ प्रश्नाकडे येतो, बदलाचा क्रम कसा ठेवू? मी धरलं होतं स्टॅटिक काढायचं आणि लगेच आयएस-आयएस टाकायचं, टायमर लावून.

म्हादई

स्टॅटिक काढूच नकोस. हेच मला पहिल्यापासून विचारायचं होतं. स्टॅटिक चालू असतानाच वरून आयएस-आयएस चालू कर. सिस्कोमध्ये स्टॅटिकचं डिस्टन्स (कमी आकडा जिंकतो) १ आणि आयएस-आयएसचं ११५, त्यामुळे दोन्ही असताना ट्रॅफिक स्टॅटिकवरूनच जाईल, गिऱ्हाइकाला काही कळणारही नाही. मायक्रोटिकवर आकडे तेच आहेत का ते त्याच्या आवृत्तीच्या कागदपत्रात बघून घे. मग दोन-चार दिवस नुसतं बघायचं. शेजार टिकतोय का, डेटाबेसमध्ये सगळे राउटर दिसतायत का, प्रत्येक रूटला आयएस-आयएस जो पुढचा हॉप सांगतोय तो स्टॅटिकशी जुळतो का. जुळत नाही तिथे चूक आहे, आणि ती तुला भर दिवसा, कोणाचं काही बंद न पडता सापडली.

सगळं जुळलं की रात्री स्टॅटिकचं डिस्टन्स २५० कर. ट्रॅफिक आयएस-आयएसवर येईल आणि आयएस-आयएस मेला तर स्टॅटिक परत पकडेल. काणकोणच्या टोकापासून सुरुवात, मडगावच्या दिशेने एकेक डबा मागे येत. लांबचं आधी, जवळचं शेवटी, म्हणजे जवळचं बिघडलं तर हाताशी असतं. आठवडाभर शांतता असेल तर मग स्टॅटिक पुसून टाक.

अनमोड_घाट

रिंगमध्ये मात्र अर्धे डबे स्टॅटिकवर आणि अर्धे आयएस-आयएसवर असताना लूप होणार नाही ना ते कागदावर काढून बघ. सरळ फांदीला भीती नाही.

पर्वरी_नॉक

म्हादईचं सगळं मान्य. आणि दोन कामं एका रात्रीत करू नकोस. मॅनेजमेंटचं व्हीलॅन वेगळ्या दिवशी, तेही त्याच पद्धतीने, नवीन व्हीलॅन जुन्याच्या शेजारी उभं कर, नवीनवरून लॉगिन कर, त्या नवीन लॉगिनमधून जुनं काढ. जुन्यात बसून जुनं काढायचं नाही.

सांगेकर

आता डोक्यात स्वच्छ झालं. देव बरें करूं सगळ्यांचं. साहेबांना हा धागाच दाखवतो. एक शेवटचं, मेट्रिकला (रस्ता निवडताना प्रत्येक लिंकचा धरायचा आकडा) काय ठेवू? सगळीकडे जे येतं तेच ठेवलं तर?

म्हादई

सिस्कोत सगळ्या लिंकना १० येतं, मग त्याला १० गिगची लिंक आणि १०० मेगाची रेडिओ लिंक सारखीच. हाताने आकडे दे, आणि सगळीकडे 'मेट्रिक-स्टाईल वाईड' कर, जुन्या अरुंद पद्धतीत एका इंटरफेसला ६३ च्या वर जाता येत नाही. एका टोकाला वाईड आणि दुसऱ्याला नॅरो राहिलं तर शेजार वर दिसतो पण रूट येत नाहीत, हे कागदावरच्या यादीत लिही. आणि प्रत्येक डब्याचा सिस्टीम आयडी (आयएस-आयएसमधली त्याची ओळख) लूपबॅकच्या (राउटरच्या स्वतःच्या, कायम चालू असलेल्या) आयपीवरून काढ, कॉपी-पेस्टमध्ये दोघांचा एकच आयडी गेला तर डेटाबेस सतत हलत राहतो आणि कारण लवकर सापडत नाही.

अनमोड_घाट

कधी नवीन राउटर रिंगमध्ये घालशील तेव्हा ओव्हरलोड बिट लावूनच घाल. शेजार जुळतो, तुला त्याच्यापर्यंत पोचता येतं, पण दुसऱ्यांचं ट्रॅफिक त्याच्यातून जात नाही. सगळं तपासून झालं की बिट काढ.

सांगेकर

यादीत टाकलं. पहिला टप्पा म्हणजे आयएस-आयएस नुसतं वरून चालू करणं, ते चवथीच्या आधीच दिवसा करता येईल ना मग? ट्रॅफिक तर हलत नाही.

म्हादई

ट्रॅफिक हलत नाही हे स्टॅटिक प्रत्येक रूटला आहे तोवरच. जिथे नुसता डिफॉल्ट स्टॅटिक (बाकी सगळं इकडे पाठव असा एकच रस्ता) आहे तिथे आयएस-आयएसचे नेमके रूट आले की लगेच तेच घेतले जातील, कारण जास्त नेमका रूट जिंकतो, डिस्टन्स बघितलंच जात नाही. पॉपवर नुसता डिफॉल्ट आहे का?

सांगेकर

हो, तीन-चार पॉपवर डिफॉल्टच आहे.

म्हादई

मग ते पॉप चवथीनंतर, रात्री, टायमर लावून. बाकीचे आत्ता कर.